डोंगरात अडकलेली स्नोमोबाईल काढून आणायचा धंदा: आयडाहोत नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी

गुलमर्गला पर्यटकांना मागे बसवून बर्फात एक चक्कर मारून आणतात ती गाडी आपल्यापैकी बऱ्याच जणांनी बघितलेली असते, पुढे दोन स्की आणि मागे रबरी पट्टा. इथे अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या डोंगरात लोक चालवतात ती त्याच घराण्यातली पण फार वेगळी गाडी. हिला माउंटन स्लेड म्हणतात. ८५० सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, साधारण १४६ ते १६५ इंचांचा ट्रॅक (म्हणजे तो मागचा रबरी पट्टा), त्यावर अडीच-तीन इंचांचे रबरी दात, आणि कंबरभर भुसभुशीत बर्फातून ती सरळ चढावर जाते. चढते म्हणूनच नको तिथे अडकते. नवीन गाडी पंधरा-वीस हजार डॉलरची, ती कुठल्यातरी ओढ्यात उलटी पडलीय आणि मालक मित्राच्या मागे बसून कसाबसा रस्त्यापर्यंत आलाय, सोमवारी त्याला ऑफिसला जायचंय. तो फोन कोणाला करणार? हा तो धंदा.

मी बॉयसीत राहतो, हिवाळ्यात सुट्टीच्या दिवशी मकॉल या डोंगरातल्या गावाच्या बाजूला अशाच एका रिकव्हरीवाल्याबरोबर मदतनीस म्हणून जातो. मायक्रॉन या चिप बनवणाऱ्या कंपनीमुळे बॉयसीत आपली मंडळी बरीच आहेत, त्यातले दोघे-तिघे विचारत होते की हे सुरू करायचं तर काय काय लागतं, म्हणून एकदाच नीट लिहून काढतोय. जे लिहितोय ते आयडाहोचं आहे. युटा, मोंटाना, वायोमिंगमध्ये काम तेच, पण कायदे आणि परवाने तिकडचे बघा.

आधी हे पक्कं डोक्यात घ्या

तुम्ही मशीन आणता, माणूस नाही. कोणी जखमी आहे, कोणी सापडत नाहीये, कोणी रात्रभर वर अडकलंय, तर ते काम शेरीफचं (काउंटीच्या पोलीस प्रमुखाचं) आणि त्याच्या सर्च अँड रेस्क्यू टीमचं, ९११ ला फोन करायचा. ती टीम माणसाला खाली आणते, गाडी तिथेच सोडते. आपल्या सह्याद्रीत रेस्क्यूवाली पोरं दरीतून माणूस काढतात, त्याची बाईक काढत बसत नाहीत, तसंच. तुमचं काम त्यांच्यानंतर सुरू होतं, कधी दुसऱ्या दिवशी, कधी आठवड्याने.

हे मुद्दाम आधी सांगतोय कारण यातूनच पुढचं सगळं ठरतं. मशीनला घाई नसते. बर्फाखाली ती पंधरा दिवस पडून राहिली तरी तिला काही होत नाही, घाई मालकाला असते, आणि फोनवर तो ती घाई तुमच्या अंगात भरतो. तुम्ही नवीन आहात, पहिलं-दुसरं गिऱ्हाईक आहे, नाही म्हणायला जीवावर येतं, आणि तुम्ही हिमस्खलनाच्या उतारावर जाऊन उभे राहता. या धंद्यात सगळ्यात जास्त वेळा उपयोगी पडणारी गोष्ट म्हणजे "आज नाही, गुरुवारी बघू" हे वाक्य. बाकी विंच (दोरीने जड वस्तू ओढायचं यंत्र), दोऱ्या, पुली सगळं विकत मिळतं.

पायरी एक: दोन हिवाळे दुसऱ्याकडे काढा

थेट स्वतःचं दुकान मांडू नका. स्नोमोबाईल भाड्याने देणारी दुकानं, गाइड कंपन्या, ट्रेल ग्रूमिंगवाले (बर्फातल्या वाटा यंत्राने सपाट करणारे), यांच्याकडे सीझनपुरती माणसं लागतात, डिसेंबर ते मार्च-एप्रिल. भाड्याच्या दुकानात तर उत्तम, कारण भाड्याने घेतलेली गाडी जितक्या प्रकारांनी बिघडवता येते तितके सगळे प्रकार तुम्हाला बघायला मिळतात. इंजिनची ताकद ट्रॅककडे नेणारा ड्राइव्ह बेल्ट तुटणं, इंजिन गरम होणं, झाडाला ठोकून ए-आर्म (स्कीला गाडीशी जोडणारा दांडा) वाकवणं, पेट्रोल संपणं (हे फार), किल्ली बर्फात हरवणं. आणि नंतर तुमचं पहिलं पक्कं गिऱ्हाईकही हीच दुकानं होतात, त्यांच्या बंद पडलेल्या गाड्या आणायला त्यांची माणसं दिवसभर अडकलेली त्यांना परवडत नाहीत.

दुसरं, हिमस्खलनाचं शिक्षण. बेसिक लेव्हल वन कोर्स आणि वेगळा रेस्क्यूचा कोर्स, दोन्ही, आणि मोटारवाल्यांसाठीचा वर्ग मिळाला तर तोच घ्या, कारण स्कीवाल्यांच्या आणि स्लेडवाल्यांच्या सवयी वेगळ्या असतात. स्लेडवाला एका तासात इतके उतार ओलांडतो की स्कीवाल्याचे दोन दिवस होतील. मकॉलच्या भागासाठी पेयेट अव्हलांच सेंटर आहे, त्यांचा अंदाज सीझन सुरू झाल्यापासून वाचायला लागा, फक्त कामाच्या दिवशी नाही, कारण डिसेंबरात पडलेला एखादा कमकुवत थर फेब्रुवारीत खाली दबा धरून बसलेला असतो आणि एका दिवसाच्या अंदाजावरून तो किस्सा कळत नाही.

थोडक्यात आकडे सांगतो. बहुतेक हिमस्खलनं ३० ते ४५ अंशांच्या उतारावर होतात, आणि जीवघेण्या अपघातांत दहापैकी नऊ वेळा तो उतार अडकलेल्या माणसाने किंवा त्याच्याच ग्रुपमधल्या कोणीतरी सुटवलेला असतो. गाडलेल्या माणसाला पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत काढलं तर आशा असते, पुढे ती झपाट्याने कमी होते. म्हणजे त्याला वाचवणारा तुमच्या शेजारचाच असतो, हेलिकॉप्टर नाही. म्हणून बीकन (गाडलेल्याला शोधायचं सिग्नलचं यंत्र), प्रोब (बर्फात टोचून बघायची लांब काठी), फावडं प्रत्येकाच्या अंगावर. गाडीच्या बॅगेत नाही, अंगावर, कारण बर्फ आला की गाडी एकीकडे आणि तुम्ही दुसरीकडे. बीकन ४५७ किलोहर्ट्झवर चालतो आणि फोन, रेडिओ, बॅटरीचे गरम हातमोजे यांचा त्याला त्रास होतो, म्हणून एरवी या वस्तू बीकनपासून २० सेंटिमीटर लांब आणि शोधताना ५० सेंटिमीटर लांब ठेवायच्या.

पायरी दोन: कागदपत्रं

सगळ्यात कंटाळवाणा भाग, आणि बहुतेक जण इथेच शॉर्टकट मारतात.

पहिली गोष्ट आपल्या लोकांसाठी. एच-१बीवर असाल तर हे स्वतः करता येणार नाही, ज्या कंपनीने व्हिसा काढलाय तिच्याशिवाय दुसरीकडे काम करायची परवानगी नसते आणि स्वतःच्या धंद्यात राबणं हेही कामच. ग्रीन कार्ड, सिटिझनशिप, किंवा बायको-नवऱ्याचं एच-४ चं वर्क परमिट असेल तर मार्ग आहे, पण वकिलाला विचारून. "मित्राला फुकट मदत करतोय" ही पळवाट काढू नका.

एलएलसी (छोटी मर्यादित जबाबदारीची कंपनी) काढणं सोपं आहे, आयडाहोत ऑनलाईन १०० डॉलरात होतं. खरा खर्च इन्शुरन्सचा. एक जनरल लायबिलिटी, म्हणजे तुमच्यामुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर. दुसरं ऑन-हुक कव्हर, म्हणजे गिऱ्हाईकाची गाडी तुमच्या दोरीला असताना तिचं काही वाकडं झालं तर. तिसरं पिकअप आणि ट्रेलरचं कमर्शियल ऑटो. एक जरी माणूस पगारावर ठेवलात तर आयडाहोत वर्कर्स कॉम्प, म्हणजे कामावर इजा झाली तर त्याचा विमा, लागतो. आणि तुमच्या स्वतःच्या स्लेडची जी घरगुती पॉलिसी आहे ती धंद्याच्या वापराला सहसा लागू नसते, एजंटला "रिकव्हरी" हा शब्द स्पष्ट सांगून विचारा आणि उत्तर ईमेलवर घ्या. पिकअप आणि ट्रेलर मिळून वजनाचं रेटिंग १०,००१ पाउंड किंवा जास्त झालं आणि ओरेगन-मोंटानात जाऊन काम करणार असाल तर यूएसडॉट नंबरही (केंद्राच्या वाहतूक खात्याचा नोंदणी क्रमांक) लागतो. तीन-चार गाड्यांचा बंद ट्रेलर लावला की हा आकडा चुटकीसरशी ओलांडला जातो.

आता जमीन. मकॉल, कॅस्केड, डॉनेली या पट्ट्यातला बहुतेक डोंगर पेयेट आणि बॉयसी नॅशनल फॉरेस्टचा, म्हणजे फॉरेस्ट सर्व्हिसचा. सरकारी जंगलात पैसे घेऊन काम करायचं तर परवानगीचा प्रश्न येतोच, त्यामुळे उन्हाळ्यातच रेंजर डिस्ट्रिक्टच्या ऑफिसात जाऊन स्पेशल युज परमिटचं बोलून घ्या, ऐन जानेवारीत नको, तिथे कागद सावकाश हलतो. ऑफिसातल्या माणसाशी ओळख झाली की पुढे फार उपयोग होतो, कुठला रस्ता बंद, कुठे प्राण्यांसाठी क्लोजर, हे तो आधी सांगतो. खाजगी टिंबर कंपन्यांच्या जमिनी मधेमधे आहेत, तिथे वेगळी परवानगी.

आणि एक गोष्ट जी नवीन माणसाला अजिबात माहीत नसते. मकॉलच्या पूर्वेला फ्रँक चर्च रिव्हर ऑफ नो रिटर्न विल्डरनेस (कायद्याने राखलेलं रान) आहे, १९८० साली झालेली, २३ लाख एकरांच्या वर. १९६४ च्या विल्डरनेस कायद्याने तिथे मोटारगाडी चालत नाही. आता एखादा पठ्ठ्या हद्द ओलांडून आत गेला आणि तिथे त्याची स्लेड अडकली, तर ती आणायला तुम्ही दुसरी स्लेड घेऊन आत गेलात की तुम्हीही तोच गुन्हा केलात, तुमच्या हेतूला कोणी विचारत नाही. दंड ५,००० डॉलरपर्यंत आणि सहा महिने कैद, इथवर जाऊ शकतो. अशा वेळी मालकाला सांगायचं की आधी फॉरेस्ट सर्व्हिसला स्वतः कळव, त्यांनी लेखी सांगितलं की मग बघू. म्हणून फोनवर लोकेशन आलं की पहिलं काम म्हणजे फॉरेस्ट सर्व्हिसच्या ओव्हर-स्नो व्हेइकल मॅपवर (स्नोमोबाईल कुठे चालते ते दाखवणारा नकाशा) तो ठिपका टाकून बघणं.

पायरी तीन: गाड्या आणि सामान

एकाच गाडीत सगळं बसवायचा मोह होतो, ते जमत नाही. दोन लागतात. एक युटिलिटी स्लेड, रुंद ट्रॅकची, २० किंवा २४ इंची, लो गिअर आणि रिव्हर्सवाली, स्की-डूची स्कँडिक किंवा पोलारिसची टायटन या जातीची. ही ग्रूम केलेल्या ट्रेलवरून मेलेली गाडी निमूटपणे ओढत आणते. पण तिला झाडीतल्या भुसभुशीत बर्फात तिरक्या उतारावर नेलंत तर आता काढायच्या दोन गाड्या झाल्या. म्हणून दुसरी माउंटन स्लेड, जागेपर्यंत पोचायला. सेकंडहँड घ्या, पण पार्ट्स आपल्या गावात मिळतात का ते बघून. यामाहाने २०२५ च्या मॉडेलनंतर स्नोमोबाईल बनवणं बंद केलंय, जुन्या यामाहा दणकट आहेत आणि आता स्वस्तात दिसतील, तरी दहा वर्षांनी पार्ट कुठून आणणार हा विचार करा.

ओढायच्या सामानात सगळ्यात कामाची वस्तू म्हणजे छोटी पोर्टेबल कॅपस्टन विंच, होंडाच्या लहानशा इंजिनवर चालणारी. गाडीवर बसवलेल्या विंचला ओढणारी गाडी स्थिर लागते, आणि बर्फात स्लेडच स्वतः घसरत पुढे येते, म्हणून ती इथे फार उपयोगाची नाही. कॅपस्टन झाडाला बांधायची, दोरीचे तीन-चार वेढे ड्रमवर द्यायचे आणि मोकळं टोक हाताने खेचत राहायचं, बस. दोरी कितीही लांब चालते, कारण ती ड्रमवर गुंडाळून साठत नाही. मोठं मॉडेल एका दोरीवर साधारण १,००० किलो ओढतं, पुली लावून दोरी दुहेरी केली की त्याच्या जवळजवळ दुप्पट. दोरी न ताणणारी पॉलिएस्टरची घ्या. नायलॉन ताणतो, ताणलेल्या दोरीत जोर साठतो, आणि हूक सुटला की तो जोर कोणाच्या तरी तोंडावर येतो.

बाकी मग झाडाला लावायचे रुंद पट्टे (साल सोलली जाऊ नये म्हणून), दोन-तीन पुली, शॅकल, दोन मोठी फावडी, करवत, हातविंच बॅकअपला, रिजिड टो-बार (गाडी ओढत न्यायचा ताठ दांडा), जाड प्लास्टिकचा एक मोठा पत्रा, आणि बेल्ट, प्लग, केबल टाय, तार, टेप यांची पिशवी. सॅटेलाइट मेसेंजर दोघांकडे एकेक, मोबाईलची रेंज दरीत उतरलात की गेलीच. एकमेकांशी बोलायला साधे एफआरएस रेडिओ (छोटे वॉकी-टॉकी) पुरतात, लायसन्स लागत नाही. खायला काय न्यायचं ते तुमचं तुम्ही बघा, एवढंच सांगतो की चिक्की उणे पंधराला दातांच्या डॉक्टरचं बिल काढते, शेंगदाण्याचा लाडू बरा.

पायरी चार: फोन आला की काय विचारायचं

अर्धं काम फोनवर होतं किंवा बिघडतं. पहिला प्रश्न कायम एकच, सगळी माणसं बाहेर आली का? नसतील तर फोन ठेवायला लावून ९११.

मग लोकेशन. इथे फार गोंधळ होतो. मालक म्हणतो "चव्वेचाळीस, पन्नास". म्हणजे ४४.५० अंश की ४४ अंश ५० मिनिटं? या दोन जागांमध्ये उत्तर-दक्षिण ३७ किलोमीटरचं अंतर आहे. तोंडी ऐकूच नका, फोनमधल्या मॅपचा स्क्रीनशॉट किंवा पिन मागवा. फोटो दोन तरी हवेत, एक जवळचा आणि एक लांबून पूर्ण उतार दिसेल असा. लोक फक्त जवळचा काढतात, गाडीचा, आणि आपल्याला गाडी नाही, तिच्या डोक्यावर काय लटकतंय ते बघायचं असतं.

मग हे: गाडी नुसती अडकलीय की बिघडलीय. इंजिन सुरू होतं का. ट्रॅक फिरतो का, कारण ट्रॅक जाम असेल तर सामान वेगळं न्यावं लागतं. उलटी पडली होती का, किती वेळ. मॉडेल, साल, ट्रॅकची लांबी. नोंदणीच्या कागदाचा फोटो आणि "माझी गाडी आणायला यांना परवानगी देतो" असा सहीचा मेसेज, कारण मालकाच्या संमतीशिवाय कोणाची गाडी उचलून आणली तर ती चोरी दिसते, आणि सोडून दिलेली गाडी सापडली म्हणून ती आपली होत नाही. आणि किल्ली! या गाड्यांना दोरीवाली टेदर किल्ली असते, ती जॅकेटला अडकवलेली असते, जॅकेट घरी गेलेलं असतं. गाडी वर अडकलेली आणि किल्ली बॉयसीत वॉशिंग मशीनमध्ये, हे इतक्या वेळा होतं की हा प्रश्न मी फॉर्मवर मोठ्या अक्षरात छापून ठेवला असता.

शेवटी, गाडी सोडून आल्यानंतर बर्फ पडलाय का? दोन फूट पडला असेल तर पिनच्या जागी पोचूनही काही दिसणार नाही, प्रोबने टोचत शोधावी लागते. मालक अजून वर असेल तर त्याला सांगा की शेजारच्या झाडाला डोक्याच्या वर भडक रंगाचं काहीतरी बांधून ये.

पायरी पाच: जायचं की नाही

हा भाग मी सगळ्यात लांब लिहू शकतो, पण मुद्दा एक पकडा. गाडी उतारावर अडकलीय, याचा अर्थ कोणीतरी तो उतार चढायचा प्रयत्न केला आणि जमलं नाही. चढाचढीच्या खेळात ही नेहमीची गोष्ट, आणि स्नोमोबाईलच्या हिमस्खलनांत वारंवार दिसणारा प्रकार म्हणजे एक वर अडकलेला, दुसरा त्याला मदत करायला वर गेला, आणि त्या दुसऱ्याच्या वजनाने उतार सुटला. तुम्ही धंदा म्हणून तो "दुसरा" व्हायला निघालाय. त्यामुळे उतार ३० अंशांच्या पुढचा असेल आणि हिमस्खलनाच्या धोक्याचा अंदाज "कन्सिडरेबल" किंवा वर असेल तर जायचं नाही. चर्चा नाही. पाच पातळ्यांमधली ही मधली पातळी, ऐकायला मवाळ वाटते म्हणून लोक तिला हलकं घेतात. आणि नुसता गाडीखालचा उतार बघून भागत नाही, वरून काय खाली येऊ शकतं ते बघा, गाडी सपाटीवर असली तरी ती सपाटी वरच्या उताराची पडायची जागा असू शकते.

गोठलेल्या तळ्यातून बुडालेली गाडी काढायची कामंही नवीन माणसाने घेऊ नयेत, ते पाणबुड्यांचं आणि वेगळ्या सामानाचं काम, शिवाय तेल-पेट्रोल पाण्यात म्हणजे सरकारी कटकट. आणि काही जागा अशा असतात की हेलिकॉप्टरनेच उचलावी लागते. त्याचं बिल हजारो डॉलरचं होतं, पण एखाद्या ऑपरेटरचा नंबर जवळ ठेवा आणि गिऱ्हाईकाला प्रामाणिकपणे सांगा.

एकट्याने कधी नाही. दोघं वर, आणि तिसरा खाली रेंजमध्ये, त्याच्याकडे कागदावर लिहिलेली वेळ, "सहापर्यंत मेसेज नाही आला तर शेरीफला फोन". डिसेंबरात इथे पाचच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यामुळे पहाटे निघा. दुपारी एकला निघून "पटकन करून येऊ" म्हणणाऱ्याबरोबर जाऊ नका.

पायरी सहा: प्रत्यक्ष काढणं

समजा गाडी ओढ्याच्या खळग्यात एका कुशीवर पडलीय. नेहमीचं चित्र. पोचल्यावर लगेच हात घालू नका, आधी फोटो काढा, आधीपासून काय तुटलंय याचा पुरावा लागतो. मग पेट्रोल-तेल गळतंय का बघा.

आता खणणं. नवीन माणूस ट्रॅकच्या मागे खणतो. खरी अडचण गाडीच्या पोटाखाली असते, पोट बर्फावर टेकलेलं असतं आणि ट्रॅक नुसता हवेत दात फिरवतो. म्हणून पुढच्या स्कीपासून पोटापर्यंत मोकळं करा, ट्रॅकच्या बोगद्यातला घट्ट झालेला बर्फ फोडून काढा, त्याचंच वजन भलतं असतं. गाडी कोरडी साडेचारशे पाउंडांच्या आसपास, पेट्रोल आणि चिकटलेला बर्फ धरून अडीचशे किलोकडे सहज जाते. मग जिकडे न्यायचीय तिकडची वाट पायाने तुडवून घ्या आणि वीस-तीस मिनिटं तशीच सोडा, चहा प्या. तुडवलेला बर्फ थांबला की आपोआप आवळून कडक होतो, त्यावरून गाडी निघते. ही वीस मिनिटं वाचवायला जाऊन दोन तास घालवणारे पुष्कळ बघितलेत.

दोरी कुठे बांधायची? मागचा बंपर किंवा पुढे दोन्ही स्कीच्या वरचे स्पिंडल (स्की ज्याला बसवलेली असते तो उभा दांडा). स्कीच्या टोकाच्या कड्या, हँडल, पुढचा प्लास्टिकचा बंपर, यांना नाही, माउंटन स्लेड वजन कमी करायला इतकी हलकी बनवतात की ते हातात येतं. विंच जिवंत, जाड झाडाला, पट्टा जमिनीलगत. झाड बरोबर दिशेला नसलं तर पुलीने दोरी वळवा, पण मग वळलेल्या दोरीच्या आतल्या कोनात कोणीही उभं राहायचं नाही, पुलीचा पट्टा तुटला तर पुली त्याच कोनातून सुटते. गाडीच्या खालच्या बाजूलाही कोणी नाही. एकाने विंच, दुसऱ्याने गाडीवर नजर, आणि "थांब" कोणीही म्हणालं की थांबायचं.

झाडं नसतील तर बर्फात आडवा ओंडका खोल पुरून त्याला दोरी बांधता येते, चांगला धरतो, पण तोही पुरल्यावर थोडा वेळ कडक होऊ द्यावा लागतो.

वर आली की लगेच स्टार्टर मारू नका. उलटी पडलेली टू-स्ट्रोक पेट्रोलने भरलेली असू शकते, प्लग काढून स्टार्टरची दोरी चार-सहा वेळा ओढा, मग सुके प्लग लावून बघा. निम्म्या वेळा सुरू होते आणि मालकाचा मूड सुधारतो.

ओढत आणताना

सुरू झाली नाही तर टो, म्हणजे दुसऱ्या गाडीने ओढत न्यायची. आधी ड्राइव्ह बेल्ट काढा. साइड पॅनल उघडायचं, सेकंडरी क्लच फाकवायचा, बेल्ट आधी वरून आणि मग पुढून सोडवायचा, सरावाने दोन मिनिटांचं काम. बेल्ट तसाच ठेवून ओढलीत तर ट्रॅकबरोबर क्लचही फिरत राहतो आणि जी गाडी नुसती बंद होती ती खरोखर बिघडते. बेल्ट तुटूनच बंद पडली असेल तर क्लचमध्ये अडकलेले धागे साफ करा, स्पेअर बेल्ट बहुतेकदा त्याच गाडीत पॅनलच्या आत असतो आणि मालकाला ठाऊक नसतं. असं निघालं तर बेल्ट घाला, चालवत आणा, टो केल्याचे जास्तीचे पैसे लावू नका, हीच गिऱ्हाईकं चार जणांना सांगतात.

दोरीने ओढणं हा नाइलाजाचा मार्ग. उतारावर तुम्ही ब्रेक लावला की मागची गाडी येऊन तुम्हालाच धडकते. टो-बार लावा. दोरीच वापरावी लागली तर मागच्या गाडीवर ब्रेक धरायला माणूस बसवा आणि वेग ताशी पंधरा मैलांच्या आत. ट्रॅक जाम असेल, चेनकेस (ट्रॅक फिरवणाऱ्या साखळीचा डबा) किंवा बेअरिंग गेलेलं, तर मागचा भाग त्या प्लास्टिकच्या पत्र्यावर चढवून बांधा. नाहीतर ट्रेलवर नांगर फिरवल्यासारखा चर पडतो आणि ग्रूमिंगवाले तुमचं नाव लक्षात ठेवतात. ट्रेल कडक बर्फाचा असेल तर दोन्ही गाड्यांसाठी मधून मधून कडेच्या मऊ बर्फातून चला. ट्रॅक ज्यावर सरकतो त्या प्लास्टिकच्या पट्ट्यांना मऊ बर्फच वंगण देतो, आणि ओढणाऱ्या गाडीचं इंजिनही ट्रॅकने उडवलेल्या बर्फानेच थंड होतं. अंधार पडलाच तर लक्षात ठेवा की ग्रूमर रात्री कामाला निघतो. मकॉलजवळच्या बर्गडॉर्फच्या रस्त्यासारख्या ठिकाणी तो वळणावर अचानक समोर येतो, आणि तो ट्रेलच्या रुंदीइतकाच असतो.

पैशाचं

दर आधी, लेखी, आणि निघायच्या आधी ॲडव्हान्स. तीन भाग ठेवा, निघायचा ठराविक आकार, तासाचा दर, आणि जागेवर पोचून सुरक्षित नाही म्हणून परतलो तर काय. हा तिसरा भाग सगळे विसरतात, आणि तो नसला की परत फिरायचा निर्णय खिशाच्या विरोधात जातो आणि माणूस चुकीचा निर्णय घेतो. पोचलो, बघितलं, परतलो, याचे पैसे मिळालेच पाहिजेत.

हिशोब कळावा म्हणून एक उदाहरण, आकडे मनाचे आहेत. निघायचे ४०० डॉलर, त्यात पहिले दोन तास, पुढे तासाला १५०. सात तासांचं काम झालं तर ११५०. बॉयसीहून मकॉल जाऊन-येऊन दोनशे मैलांच्या वर, ट्रेलर लावलेला ट्रक आणि दोन स्लेड मिळून तीसेक गॅलन पेट्रोल, समजा १२० डॉलर. मदतनिसाचे सात तास तीसने २१०. उरले ८२०, आणि यातून इन्शुरन्स, गाड्यांची झीज, तुटलेली दोरी, टॅक्स. महिन्याला एखादं काम मिळालं तर इन्शुरन्ससुद्धा सुटत नाही, म्हणून पहिले दोन-तीन सीझन नोकरी सोडू नका. मकॉल-कॅस्केडलाच राहणाऱ्याला प्रवासाचा खर्च वाचतो, त्याच्याशी दराने स्पर्धा करण्यापेक्षा त्याच्याबरोबर भागीदारी केलेली परवडते.

बिल नीट फोड करून द्या, तारीख, जागा, तास, माणसं, फोटो. काही मालकांच्या पॉलिसीत रिकव्हरीचा खर्च बसतो आणि इन्शुरन्सवाल्यांना असंच बिल लागतं. उन्हाळ्यात हाच ट्रेलर, हीच विंच, हेच कार्ड पेट्रोल पंपावर लावलेलं, फक्त गाड्या बदलतात, साइड-बाय-साइड आणि एटीव्ही (कच्च्या रस्त्याच्या चारचाकी गाड्या) चिखलात आणि ओढ्यात तितक्याच उत्साहाने अडकतात. त्यासाठी परवान्याचा फॉर्म भरतानाच दोन्ही सीझन लिहा, नंतर वेगळा अर्ज करायला लावतात.